दोन्ही अर्जांवर आत्याची सही

माझ्या आत्याला सगळी वस्ती टेपआत्या म्हणते. सकाळी अंघोळ झाली की मापाची टेप तिच्या गळ्यात पडते, ती झोपायच्या वेळीच निघते. एकदा ती तशीच एका लग्नाला गेली आणि तिथल्या दोघीजणींनी "हा नवीन प्रकार कुठून घेतला?" असं विचारलं, असं ती स्वतःच सांगते. यात खरं किती आणि मागून शिवलेलं किती, देव जाणे.

आत्या नवे कपडे शिवत नाही. दुरुस्त करते. पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, अडकलेली चेन, उसवलेली बाही. "नवं काय, कुणीही शिवेल. दुसऱ्यानं बिघडवलेलं सरळ करायला डोकं लागतं," असं तिचं म्हणणं. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीवर खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीवर चिठ्ठी टाचलेला एकेक कपडा. माणूस दारात आला की याची कंबर दोन बोटं वाढलीय हे तिला आधी दिसतं, "या, बसा" नंतर.

हे दुकान टेकडीवरच्या वस्तीत, अगदी चौकात. खाली शहर, बाजार, दवाखाना, शाळा, सगळं. वर आम्ही. मधे एकशे चौसष्ट पायऱ्या. मागच्या अंगानं वळसा घेत येणारा गाडीरस्ताही आहे, पाण्याचे टँकर तिथून येतात. पण बस पायऱ्यांच्या पायथ्याशीच थांबायची आणि तिथूनच पाठ फिरवायची. आत्या एकतीस वर्षं त्या पायऱ्या चढली-उतरली आणि तिची कधी तक्रार नव्हती. तिचे गुडघे ठणठणीत. मग तिला हे बसचं खूळ लागलं कसं?

झालं असं, की वस्तीतल्या नर्सआजी एके दिवशी दुकानात आल्या. आजी शहराच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या, आता वय अठ्ठ्याहत्तर. हातात निळा लोकरी कोट. "जरा आत घे गं, मी आटले," म्हणाल्या. आत्यानं मापं घेतली, टाचण्या लावल्या आणि सहज विचारलं, "कुठे निघालात एवढ्या थाटात?"

"कुठे निघणार?" आजी हसल्या. "दीड वर्ष झालं, मी खाली उतरलेच नाही. उतरायला उतरेन गं, वर कोण आणणार? कोट आपला कपाटात चांगला दिसावा म्हणून."

मी तेव्हा तिथेच होते. दातांच्या दवाखान्यातली माझी नोकरी दुपारी संपते आणि मी आत्याकडे चहाला थांबते. आजी गेल्यावर आत्यानं तो कोट मशीनवर घेतला, एक शिवण मारली, ती उसवली, पुन्हा मारली, पुन्हा उसवली. आत्या स्वतःचीच शिवण उसवते आहे हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कपाटात चांगला दिसावा म्हणून!" ती एकदम म्हणाली. "अगं, ज्या बाईनं अख्ख्या गावाला इंजेक्शनं दिली, तिनं कपाटासाठी कोट शिवून घ्यायचा? उठ. चप्पल घाल."

"कुठे जायचंय?"

"नगरपालिकेत. बस वर का येत नाही ते विचारायला."

नगरपालिकेत अर्ज घेणाऱ्या टेबलावर एक कारकून होता. बारीक अंगाचा, शर्टाची कॉलर एका बाजूनं विरलेली, बोलायला मात्र गोड. त्यानं सांगितलं, की रहिवाशांच्या अर्जावर अडीचशे सह्या असल्या तर तो सभेपुढे ठेवावाच लागतो, तसा नियमच आहे. त्याहून कमी असल्या तर फायलीत जातो. "आणि फायलीत गेलेला अर्ज, बाई..." एवढं म्हणून त्यानं मागच्या कपाटाकडे पाहिलं. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं.

आत्यानं कोरा अर्ज घेतला आणि निघता निघता त्याला म्हणाली, "शर्ट घेऊन या एकदा. कॉलर उलटून देते, वर्षभर जाईल."

सह्या गोळा करायची तिची पद्धत सोपी होती. कपडा न्यायला जो येईल त्याच्यापुढे आधी कागद, मग कपडा. एक गृहस्थ म्हणाले, "मला विचार करायला वेळ हवा." आत्या म्हणाली, "करा की. तोवर पँट इथेच विचार करत बसेल." त्यांनी उभ्या उभ्या सही केली. पंधरा दिवसांत तीनशे बारा सह्या झाल्या.

सभा सकाळी अकराला होती. लांब टेबल, त्यामागे नगरसेवक, मधोमध अध्यक्षबाई. अध्यक्षबाई म्हणजे जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरच्यानं पाणी प्यावं अशा. अर्ज वाचून झाला. मग रस्ते-वाहतूक विभागाचा इंजिनिअर उठला. तरुण होता, हुशार होता, नकाशा घेऊनच आला होता.

"बस वर न्यायला आमची ना नाही," तो म्हणाला. "रस्ता चांगला आहे. घोडं अडतंय ते वरच्या चौकात. तिथे बस वळत नाही. उतारावर प्रवासी घेऊन मागे घ्यायची परवानगी नाही, म्हणजे एका दमात वळायला हवी. मधे झाड आहे. ते झाड काढलं, तर महिन्याभरात बस सुरू."

ते झाड म्हणजे चौकातला शिरीष. एवढा मोठा, की दुपारी अर्धा चौक त्याच्या सावलीत असतो. संध्याकाळी पानं मिटून घेतो, आणि वस्तीतली लहान मुलं पानं मिटली की घरी जातात, घड्याळ लागतच नाही. अध्यक्षबाईंनी निर्णय पुढच्या सभेवर ढकलला आणि लोकांच्या हरकती मागवल्या.

आम्ही पायऱ्या चढून वर आलो. एरवी आत्या चढता चढता अख्ख्या वस्तीच्या बातम्या सांगते. त्या दिवशी नुसत्या पायऱ्या मोजत होती.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी रणशिंग फुंकलं. मास्तर म्हणजे चौकाच्या पलीकडे राहणारे निवृत्त शिक्षक. निसर्गाचा विषय शिकवायचे आणि अजून शिकवतात, फक्त आता वर्ग नाही, समोर येईल तो विद्यार्थी. त्यांनी झाड वाचवण्याचा अर्ज लिहिला. झाडाचं वय, घेर, त्यावरच्या पक्ष्यांची यादी, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि घरोघर फिरायला लागले. आत्याच्या दुकानावरून मात्र मान खाली घालून जायचे. शेजारधर्म बावीस वर्षांचा, आणि आता हे असं.

तिसऱ्या दिवशी आत्याच त्यांच्या दारात उभी राहिली. "मास्तर, माझ्याकडे का नाही आलात?"

मास्तर गडबडले. "अहो, तुम्ही बसवाल्या. मी झाडवाला. उगाच तुम्हाला अवघड नको म्हणून..."

"द्या इकडे." आत्यानं कागद ओढला आणि सही ठोकली.

"बाई, ही तुमच्याच अर्जाविरुद्ध सही आहे!"

"माझ्या अर्जात झाड तोडा असं कुठे लिहिलंय? मी बस मागितली. झाड त्या इंजिनिअरनं मागितलं."

मास्तरांनी ती सही दोनदा वाचली. मग आत गेले आणि त्यांच्याच हातचा चहा घेऊन आले. तो चहा फार वाईट होता, आत्या सांगते, पण तिनं दोन कप घेतले.

मास्तरांच्या अर्जावर दोनशे अठ्ठ्याण्णव सह्या झाल्या. कारकुनानं दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले आणि कपाळाला हात लावला. दोनशे एकाहत्तर सह्या दोन्हीकडे सारख्याच! कॉलर उलटून घ्यायला शर्ट घेऊन तो दुकानात आला, तेव्हा त्यानं काकुळतीनं विचारलं, "बाई, तुम्हा लोकांना नक्की हवंय तरी काय?"

"दोन्ही," आत्या म्हणाली. "तुम्हाला शर्ट हवा की कॉलर?"

पण बोलणं सोपं. आत्यालाही ते ठाऊक होतं. त्या दिवशी दुपारी तिनं दुकानाला कुलूप लावलं, मला बरोबर घेतलं आणि चौक मोजायला काढला. शिंप्याची टेप ती, जेमतेम दीड मीटरची. मी एक टोक धरायचं, तिनं दुसरं, मग खडूची खूण, पुन्हा पुढे. भर चौकात आम्ही दोघी वाकून वाकून चालतोय, आणि बघे म्हणतायत, "आत्या, चौकाला पँट शिवताय का?"

"हो. आणि कंबर मापात आहे त्याची, तुमच्यासारखी नाही," ती न वळता म्हणाली.

मग आम्ही बस डेपोत गेलो. तिथे एक जाडजूड ड्रायव्हर डबा खात बसला होता. आत्यानं त्याला बसची लांबी विचारली. "नऊ मीटर," तो म्हणाला. "पण बाई, लांबीवर जाऊ नका. बस वळते तेव्हा मागची चाकं आत कापतात आणि शेपूट बाहेर फेकलं जातं. नवा ड्रायव्हर तोंड सांभाळतो आणि शेपटानं भिंत घेतो." आत्यानं त्याला डब्याच्या झाकणावरच ते काढून दाखवायला लावलं. त्यानं दोन काड्या आणि चमचा घेऊन सगळं समजावलं. आत्या कोटाच्या खांद्याचा नवा काप शिकावा तशी डोळे बारीक करून बघत होती.

घरी येऊन तिनं कापायच्या टेबलावर खाकी कागद पसरला आणि चौक काढला. झाड म्हणजे बाटलीचं झाकण. कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाची बस कापली, चाकांच्या जागी टाचण्या. आणि मग तीन दिवस, शिवणं बाजूला ठेवून, ती बस वळवत बसली. मास्तर रोज संध्याकाळी यायचे आणि शेजारी बसून सूचना करायचे. एकही उपयोगी नव्हती.

चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "हे काय आहे गं?" आणि नकाशावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. झाडाच्या मागची ती जागा. सभेत दाखवलेल्या इंजिनिअरच्या नकाशावर तिथे 'बांधकाम' असं लिहिलेलं होतं.

आम्ही बाहेर जाऊन पाहिलं. हिरव्या वेलींचा एक ढिगारा, पुरुषभर उंच. आम्ही इतकी वर्षं त्याच्या बाजूनं जात होतो आणि तो काय आहे हे कुणीच विचारलं नव्हतं. मास्तरांनी वेल बाजूला सारली. आत सिमेंटचे मोठाले पाइप. त्यावर नगरपालिकेचा शिक्का. सात वर्षांपूर्वी गटारासाठी आणले आणि इथेच विसरले, आणि वेल चढली तसे आम्हीही विसरलो. ना बांधकाम, ना काही. नगरपालिकेनं स्वतःच टाकलेला पसारा स्वतःच्याच रस्त्यात आडवा पडला होता!

आत्या जी हसत सुटली ती झाडाला टेकून बसली. मास्तरही हसायला लागले. ते हसताना इतके विचित्र दिसतात हे बावीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं.

पाइप हटवले की झाडाच्या मागून वाट होत होती. म्हणजे बसनं झाडासमोर वळायची गरजच नव्हती, झाडाला गोल फेरी घालून निघून जायचं. आत्यानं कापडाची बस फिरवली. झाकणाभोवती फिरली, फिरली... आणि शेवटी शेपूट एका जागी टेकलंच. ती पुन्हा फिरवली. पुन्हा टेकलं, जेमतेम एक वीत. आत्यानं त्या जागेकडे नीट पाहिलं. नकाशा गुंडाळून ठेवला.

दुसरी सभा भरली तेव्हा मागच्या खुर्च्याही पुरल्या नाहीत. आत्या उठली आणि तिनं टेबलावर खाकी कागद पसरला. नगरसेवकांनी आपापले चहाचे कप उचलून मांडीवर घेतले. मग तिनं कापडाची बस हातात घेतली. "हे झाड. हे तुमचे पाइप. हे पाइप उचला. आता बघा." तिनं बस झाडाभोवती फिरवली.

"पाइप?" अध्यक्षबाईंनी इंजिनिअरकडे पाहिलं. "कुणाचे पाइप?"

इंजिनिअर पाणी प्यायला. "आपलेच असावेत, मॅडम. नकाशा जुना आहे. माझ्या आधीचा." मग तो पुढे आला आणि त्यानं ती बस स्वतः हातात घेतली. त्याला राग आला नव्हता, उलट त्याचे डोळे चमकत होते. दोन-तीनदा फिरवली, वाकून पाहिली. "मागची चाकं बरोबर धरलीत तुम्ही," तो म्हणाला. "हे होऊ शकतं. फक्त... इथे." त्यानं बोट ठेवलं. "शेपूट इथे लागतं. वीस-बावीस सेंटिमीटर. ही कुणाच्या तरी घराची पायरी आहे. ती मालकाच्या परवानगीशिवाय तोडता येणार नाही. तो कोर्टात गेला तर दहा वर्षं."

"जाणार नाही," आत्या म्हणाली.

"तुम्ही कसं सांगता?"

"माझीच आहे. आणि आता नाही. आज सकाळी गवंडी लावला. शेवटचा दगड निघताना बघूनच आले."

मला हे अजिबात ठाऊक नव्हतं. ती दगडी पायरी आत्याच्या सासऱ्यांनी बसवलेली. गिऱ्हाइकं तिच्यावर बसून गप्पा मारायची, आत्याचे यजमान होते तेव्हा संध्याकाळी तिथेच बसून तिच्यासाठी सुया ओवून ठेवायचे. मी आत्याकडे पाहिलं. तिचे डोळे जरा ओले होते, पण ती हसत होती आणि ते हसू खरं होतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पर्यावरणाचा अर्ज कुणाचा?"

मास्तर उभे राहिले. पाच पानांचं भाषण तयार करून आले होते. "माझा," ते म्हणाले, आणि पुढचं सगळं विसरले.

"दोन्ही अर्ज मंजूर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पाइप आठवड्यात हलवा. झाडाला कुणी हात लावायचा नाही. आणि बसची चाचणी घ्या." मग कारकुनाकडे वळून, "लिहून घ्या. वीस वर्षांत पहिल्यांदा दोन विरुद्ध अर्ज एकाच वेळी मंजूर करतेय."

कारकुनानं लिहून घेतलं. त्याची कॉलर झकास दिसत होती.

चाचणीच्या दिवशी अख्खी वस्ती चौकात. खिडक्यांत, गच्चीवर, पायऱ्यांवर माणसंच माणसं. डेपोतला तो जाडजूड ड्रायव्हरच बस घेऊन आला. म्हणे त्यानं भांडून ही पाळी मागून घेतली. बस वळणावर दिसली तेव्हा आरडाओरडा झाला, आणि झाडाशी आली तेव्हा सगळे चिडीचूप. इंजिनिअर पुढे चालत होता, हातानं इशारे करत. बस झाडामागे गेली. पलीकडून तोंड बाहेर आलं. मग मधला भाग. मग शेपूट, हळूहळू, आत्याच्या भिंतीकडे सरकत... सरकत... आणि भिंतीला तळहाताएवढी जागा ठेवून निघून गेलं. शिरीषाची एक फांदी बसच्या टपावर घासली आणि मूठभर गुलाबी तुरे खाली पडले.

मग जो गलका झाला, तो खाली बाजारात ऐकू गेला म्हणतात. मास्तरांनी इंजिनिअरला मिठी मारली. इंजिनिअर फार लाजला.

ड्रायव्हरनं दार उघडलं. "रिकामी न्यायची का खाली?" त्यानं ओरडून विचारलं. गर्दी बाजूला झाली आणि नर्सआजी पुढे आल्या, निळा कोट घालून. ऊन मी म्हणत होतं, पण कोट घालूनच. चढायला त्यांना दोघांनी हात दिला. खिडकीशी बसल्या आणि आत्याला म्हणाल्या, "खांद्यात जरा घट्ट केलास गं."

"वजन वाढलंय तुमचं," आत्या म्हणाली. "उद्या या, सैल करते."

त्याला आता वर्ष होत आलं. बस तासाला एक येते. दुकानात गर्दी वाढली आहे, कारण आता खालच्या शहरातली माणसंही बिघडलेलं सरळ करून घ्यायला वर येतात. दुसऱ्या टेकडीवरची काही मंडळी त्यांचा चौक घेऊन आत्याकडे आली होती. तिनं त्यांना कागद कसा पसरायचा ते दाखवलं आणि म्हणाली, "आधी वेलीखाली काय आहे ते बघा." नगरपालिकेनं तिला वाहतूक समितीवर घेतलंय. पहिल्या बैठकीहून ती आल्यावर मी विचारलं, "कशी झाली?" तर म्हणाली, "माणसं चांगली आहेत. पडदे फार आखूड शिवलेत."

गेल्या रविवारी तिनं माझ्या घरी येऊन मला सकाळीच उठवलं. म्हणाली, "या बसचा दुसरा शेवट कुठे आहे, पाहिलायस कधी?" नव्हता पाहिला. तिनंही नव्हता. एवढी वर्षं या गावात, आणि बाजाराच्या पुढे बसमधून ती कधी गेलीच नव्हती. आम्ही बसलो. बाजार गेला, दवाखाना गेला, कारखान्याच्या भिंती गेल्या, मग मोकळी शेतं लागली, आणि शेवटच्या थांब्यावर एक तळं निघालं. मोठं, स्वच्छ, मधे बदकं. काठावर दोन-चार माणसं गळ टाकून बसलेली. आत्यानं चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि बदकं बघत बसली.

"आत्या, बस निघाली बघ," मी म्हणाले. आणि खरंच, मागे आमची बस वळून चालली होती.

"जाऊ दे गं," ती पाय हलवत म्हणाली. "तासाभरात दुसरी आहे."